कारण, एका ओळीत

फेरीबोट मंगळवारी येते. बर्फ नसेल तर.
तिच्यावरून खोकं येतं,
माझ्या नावाचं नाही, आकड्याचं: शून्य-चार-एक-सात.
आत चौऱ्याऐंशी गोळ्या,
रक्तदाबाचा पट्टा,
आणि नारिंगी झाकणाचा तीन लिटरचा कॅन,
चोवीस तासांची लघवी साठवायला.

कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा असतो.
खारवलेला कॉड आणि पार्ट्रिजबेरीचा मुरंबा
यांच्यामध्ये तो बसतो, घरच्या माणसासारखा.
शेजारचा कोल्बी, वय वर्षं सहा, विचारून गेला,
"सफरचंदाचा रस आहे का गं?"
म्हटलं, "आहे. पण आंबलाय."

गोळी खरी की खोटी, मला ठाऊक नाही.
डॉक्टरांनाही नाही.
पडद्यावरच्या ओड्रालाही नाही.
मग ठाऊक आहे कुणाला?
"संगणकाला," ओड्रा म्हणते.
आमच्या वडिलांच्या वेळी
असल्या गोष्टी देवाला ठाऊक असायच्या.

दर दुसऱ्या गुरुवारी ती म्हणते, पाय दाखव.
मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाय ठेवते,
नडगीवर अंगठा दाबते, सोडते.
खळगा भरून यायला किती वेळ लागतो
ते आम्ही दोघी मोजतो,
ती सेंट जॉन्समध्ये, मी इथे,
केटलीची शिट्टी वाजेपर्यंत.

हेडलीच्या वेळी खोकं येत नव्हतं.
माणूसच जायचा.
आधी बोट, मग नऊ तास रस्ता,
आणि आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायचं
म्हणून तिथेच, एका तळघरात, भाड्याची खोली.
खिडकी रस्त्याच्या पातळीला.
जाणाऱ्यायेणाऱ्यांचे फक्त बूट दिसत.
फोनवर सांगायचा,
"आज पिवळे गमबूट गेले. आपल्याकडचं कुणीतरी असणार."
मग कान गेले, फोन सुटला.
एकतिसाव्या वर्षी तोही.

आजाराचं नाव त्याच्यामागून सहा वर्षांनी आलं,
माझ्या रक्ताच्या नळीतून.
आईकडून आलेलं, म्हणाले.
आईला मी सांगितलं नाही.
तिचं अजून तेच चाललेलं असतं:
लहानपणी बर्फातून पाण्यात पडला होता ना,
ती थंडी मुरली.

रिकामी पाकिटं परत पाठवायची असतात,
उरलेल्या गोळ्या मोजून.
या वेळी एक उरली.
अठरा जुलै.

ऑफर आयलंडवर आता कुणी राहत नाही.
सरकारने पैसे दिले, लोकांनी घरं
तराफ्यांवर घालून ओढत इकडे आणली,
खिडक्यांच्या पडद्यांसकट.
थडगी तेवढी राहिली.
हेडलीला तिथे नेलं, कारण त्याने तसं लिहून ठेवलं होतं.
दर उन्हाळ्यात आम्ही कुंपण रंगवायला जातो.
यंदा गार्लंडची बोट, पांढऱ्या रंगाचे दोन डबे, ब्रेड, चहा.
चार वाजता धुकं आलं.
गार्लंडने आकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही,
इंजिन बंद केलं आणि शेकोटीला लाकडं गोळा करायला लागला.
रात्रभर पाण्याचा आवाज होता, असं तो म्हणतो.
मी यंत्रं कानातून काढून खिशात ठेवली होती.
गोळी घरी, टेबलावर, बशीत.

अर्जात रकाना आहे:
डोस चुकल्याचं कारण, एका ओळीत.
मी लिहिलं: धुकं.

ओड्राने वाचलं, पेन उचललं.
"डोळ्यांपुढे येतं? केव्हापासून?
हे लक्षणांत नोंदवावं लागेल."
"नाही गं," म्हटलं, "समुद्रावर."
ती हसली, मग काहीतरी खोडलं,
मग विचारलं, रंगवून झालं का?
समुद्राकडची बाजू राहिली, म्हटलं. पुढच्या वर्षी.
"पुढच्या वर्षी तर चाचणी संपलेली असेल."

असेल.
कुंपण असेलच.